भिंतीवरच्या चार रेघा

कार्तिकात उत्रोलीच्या बाजूने वारा आला की आमच्या गॅलरीपर्यंत कापलेल्या भाताचा वास येतो. पूर्वी तिकडे आंबेमोहोर असायचा, आता इंद्रायणी जास्त. झोडणीही माणसं करत नाहीत, यंत्र करतं. पेंढ्याचा वास मात्र काही बदललेला नाही. थोडा ओला, थोडा धुळीचा, नाकात गेला की हमखास शिंक आणणारा. मला पंच्याऐंशी पूर्ण झाली. कानांनी बराचसा राजीनामा दिला आहे, नाक अजून नोकरीवर आहे.

परवा माझी नात दिवाळीसाठी पुण्याहून आली होती. माझ्या शेजारी बसून शेंगा खात होती. तिचा मोबाईल वाजला, तिने पाहिलं आणि त्यावर बोट टेकवलं. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "काही नाही आजी, पाळीचं ॲप आहे. पहिला दिवस विचारतंय." तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, तिथेच स्टुलावर उभा राहून आकाशकंदील बांधत होता. त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मी तिला विचारलं, "पहिला दिवस कुठला धरतेस?" ती माझ्याकडे बघून हसली. "ज्या दिवशी येते तो. अजून कुठला असणार?" आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

मला तेव्हा एकदम पालीचं खळं आठवलं.

मी एकोणीस वर्षांची होते आणि राजगडाच्या पायथ्याशी पालीला प्राथमिक शाळेत शिकवत होते. साल अठ्ठावन्न असावं. भोरहून नसरापूरपर्यंत एसटी, पुढे वेल्ह्याच्या रस्त्याने मिळेल ती गाडी आणि उरलेलं पायी. शाळेमागे एक खोली होती, तिथे मी आणि सोबतीला माझी विधवा आत्या. तरुण मुलगी एकटी खेड्यात कशी राहील, हा प्रश्न वडिलांनी आत्याला माझ्याबरोबर पाठवून सोडवला होता. आत्याचं सोवळं कडक. महिन्याच्या चार दिवसांत ती माझं ताट दाराबाहेर ठेवी आणि पाणी वरून ओती. पाचव्या दिवशी सकाळी मी न्हाऊन आत आले की मग जणू काही झालंच नाही असं आम्ही दोघी वागत असू.

वडील भोरला कारकून होते. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांचं टेबल तेच राहिलं, भिंतीवरची तसबीर तेवढी बदलली. घरी वर्तमानपत्र येई. त्यात 'संततिनियमन' असा मथळा असला की वडील ते पान आत जाईल अशी घडी घालून पेपर आमच्याकडे देत. त्यामुळे कुठलं पान आधी उघडायचं हे आम्हा भावंडांना शोधावं लागत नसे. आईची आठ बाळंतपणं झाली, आम्ही पाच राहिलो. या विषयावर आईचं मत काय होतं, ते मी तिला कधी विचारलं नाही. पुढे एसटी थांब्यावर मोठं चित्र लागलं, आई-वडील आणि दोन मुलं. आम्ही मैत्रिणी तिथून जाताना माना खाली घालून पलीकडच्या कडेने जात असू. ते वाचायचं नाही असं ठरवून ठरवून आम्हाला ते पाठ झालं होतं. पोरांनी पहिल्याच आठवड्यात चित्रातल्या बाईला मिशा काढल्या.

पालीतली हौसा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, तीन बाळंतपणं झालेली, त्यातली दोन मुलं हयात. तिसऱ्या खेपेला तिला इतका रक्तस्राव झाला की झोळीत घालून खाली नेली आणि मिळेल त्या गाडीने भोरच्या दवाखान्यात पोचवली. डॉक्टरांनी तिचा नवरा बबन याला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही. ऑपरेशनचंही सुचवलं. ते पुण्याला व्हायचं. पण हौसाच्या सासूने पोट फाडायच्या नुसत्या बोलण्यावरच अन्नपाणी सोडलं. मग बबनने स्वतःपुरता उपाय केला. तो घरात झोपेनासा झाला. रानात राखणीच्या माचाणावर आधी पिकासाठी झोपत असे, पीक निघाल्यावरही तिथेच झोपू लागला. तो चोवीस-पंचवीस वर्षांचा, अंगाने आडवा, बोलायला कमी. गावातली तरणी पोरं त्याला विचारत, "काय रं, वाघ राखतूस का काय?" तो नुसता हसायचा.

हे सगळं मला हौसाने सांगितलं. ती शाळेच्या विहिरीवर पाण्याला येई आणि हंडा कठड्यावर टेकवून माझ्याशी बोले. एकदा म्हणाली, "बाई, मानूस लई चांगलं हाय वं. पर सा म्हैनं झालं, जवळ बसून दोन शब्द बोलनं न्हाई. भ्या वाटतं त्यास्नी. मला बी वाटतं." मला नवरा-बायकोबद्दल जे माहीत होतं ते सगळं मासिकातल्या गोष्टींतून आलेलं होतं.

त्या सुगीत प्रचाराची गाडी आली. गाडी म्हणजे नदीपर्यंतच. पुढे यंत्र आणि पेट्या बैलगाडीतून आल्या. बरोबर एक तरुण साहेब होते, इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले. त्या दिवशी अमावस्या होती, अमावस्येला आमच्याकडे कापणी बंद, म्हणून गाव मोकळा होता. शाळेच्या खिडक्यांना धनगरांच्या वाडीवरून आणलेली घोंगडी लावून भरदिवसा अंधार केला. त्या खोलीला पुढे आठवडाभर मेंढरांचा वास येत होता. सकाळी पुरुष आणि दुपारी बायका, असं ठरलं.

सकाळी मी बाहेर ओट्यावर मुलांच्या पाट्या तपासत बसले होते. आतलं सगळं ऐकू येत होतं. यंत्रातून काचेवरची चित्रं भिंतीवर पडत. एक घर मोडकं, सहा-सात पोरांचं. दुसरं घर नीटनेटकं, दोन पोरांचं, फळीवर रेडिओ. साहेब छापील वाक्यं वाचत होते. तरण्या पोरांना ती वाक्यं नकोच होती.

"साहेब, ह्या चांगल्या घरात म्हस कुठं हाय?"

"शेळी बी न्हाई. दोनच पोरं, मंग राखायला कोन जानार?"

"साहेब, तुमचं लगीन झालंय का?"

"अजून नाही," साहेब म्हणाले. मग जो हशा झाला त्याने ओट्यावरची चिमणी उडाली. त्या हशातच बबनचा आवाज आला. तो हसत नव्हता.

"साहेब, कापायचं न्हाई म्हंता, आवशीद बी न्हाई म्हंता. मंग करायचं काय, त्ये सांगा."

साहेबांनी शेवटचं चित्र लावलं. ते माळेचं होतं.

दुपारी साहेब बाहेर बसले आणि मी आत गेले, कारण बायकांसमोर त्यांनी बोलणं शक्य नव्हतं. यंत्र कसं चालवायचं ते त्यांनी मला माझ्याकडे न बघता शिकवलं. मी पहिलंच चित्र उलटं लावलं. "आगं बया, घर पालथं पडलं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसल्या. बरं झालं. त्यांना हसताना बघून माझेही कान जरा गार झाले. मग चित्रातल्या बाईची चिकित्सा सुरू झाली. तिने पदर आमच्याकडच्या बायकांसारखा घेतलेला नव्हता, नऊवारीही नव्हती. "ही कुटली म्हनायची?" "आपल्यातली न्हाई." आपल्यातली नाही म्हटल्यावर तिला किती पोरं असावीत, याच्याशी कुणाला काही देणंघेणं राहिलं नाही. पुण्यात बसून कुणीतरी मेहनतीने काढलेलं चित्र एका पदरावरून बाद झालं.

हौसा मात्र पुढे सरकून बसली होती. तिने दुसरंच काहीतरी पाहिलं. "ती बसलीया," ती म्हणाली. खरंच, दोन मुलांच्या घरातली ती बाई खुर्चीवर हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली होती. मी ते चित्र चार वेळा पाहिलं होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग मी माळेचं सांगितलं. पत्रकात जसं छापलं होतं तसंच वाचलं. माळेत अठ्ठावीस मणी, काही हिरवे, काही लाल. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिला मणी गाठीपलीकडे सरकवायचा, मग रोज एक. हिरवा असेल तर भीती नाही, लाल असेल तर नवरा-बायकोने अंतर ठेवायचं. 'अंतर ठेवायचं' हे माझं. पत्रकातला शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. साहेबांनी वाटायला दहा-बारा माळा आणल्या होत्या, त्या क्षणात संपल्या. पुढच्या चार दिवसांत त्यातल्या बहुतेक पोरींच्या गळ्यात दिसल्या. एक वासराच्या गळ्यात होती. एक माझ्याकडे नमुना म्हणून राहिली, ती मी आत्याच्या देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला अडकवली. आणि एक हौसाने नेली, ती मात्र मोजण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने मला हळूच विचारलं, "बाई, म्हंजी हिरव्या मन्याला त्यांनी घरात झोपलं तरी चालंल?"

"चालेल," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. मी अजून लग्नही न झालेली, पण वाटला खरा.

सासूला काय सांगायचं, हा प्रश्न होता. हौसानेच तोड काढली. बाईंनी व्रत दिलंय म्हणून सांगितलं. सासूने माळ कपाळाला लावली आणि देव्हाऱ्याच्या खुंटीला टांगली. रोज सकाळी हौसा तोंड धुऊन, हात धुऊन एक मणी सरकवी. मला ही युक्ती फार आवडली. आता घरात कुणी आडकाठी करणार नाही, असं मला वाटलं. भोरला गेले तेव्हा मी आईला हे कौतुकाने सांगितलं. तिने चुलीवरचं दूध उतरवलं आणि म्हणाली, "तुझं लग्न ठरायचंय. ही असली कामं करतेस हे कुणाला सांगत बसू नकोस."

मार्गशीर्षात झोडणी आली. खळं सारवून गुळगुळीत केलेलं, मधे लाकडी फळी, तिच्यावर भाताचे भारे आपटायचे. दाणे उडून पायांना टोचत. बायका सुपांनी वारा देत आणि भुसा सगळ्यांच्या केसांत बसे, म्हातारे-तरणे एकाच वयाचे दिसत. मी चौथीच्या मुलांना घेऊन गेले होते, धान्याचं माप शिकवायला. हौसा खळ्यावर नव्हती. पलीकडे आंब्याखाली वेगळी बसली होती, जवळ वेगळा तांब्या. बाहेरची असताना बाई खळ्यावर येत नाही, रास विटाळते. मला ते दिसलं आणि त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आदल्याच आठवड्यात तशीच दाराबाहेर बसले होते.

बबन भारा टाकून माझ्याकडे आला. हातातली धूळ झटकत उभा राहिला.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"मागल्या खेपेला ती भायेर बसली, त्या दिसापासनं म्या गोठ्याच्या भितीवर कोळशानं रेघा वढतुया. रोजची एक. तुमी दिल्याली माळ ती बी रोज सरकवती. पर जुळत न्हाई वं. माज्या रेघा लाल म्हनल्या, तवा तिची माळ म्हनली आजून चार दीस हिरवंच. चार दिसांचा फरक पडतुया. खरं कुनाचं धरायचं?"

तो अगदी सरळ विचारत होता. शिकलेल्या माणसाला हिशेबातली अडचण विचारावी तसा. पण माझ्या मागे चौथीची मुलं उभी होती, समोर सुपं थांबवून बायका बघत होत्या आणि फळीशी उभी तरणी पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. एक परका तरुण माणूस भर खळ्यावर माझ्याशी या विषयावर बोलत होता आणि आईचं वाक्य माझ्या डोक्यात ताजं होतं. माझे गाल तापले. त्याने काय विचारलं ते मी नीट ऐकलंच नाही. मला फक्त तो तिथून जायला हवा होता.

"माळेप्रमाणे चाला," मी भाताच्या राशीकडे बघत म्हटलं. "ती छापील पत्रकाप्रमाणे आहे."

"मंग माजं मोजनं चुकलं म्हनायचं?"

"हो. चुकलं असेल."

"व्हय," तो म्हणाला, आणि जाऊन भारा उचलला.

नंतर हौसाकडून कळलं, त्याने त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने भिंत पुसली. माचाणावरचं घोंगडंही घरी आणलं. तो पौष त्या दोघांचा फार चांगला गेला. हौसा विहिरीवर गुणगुणत यायची. एकदा तिने मला तिळाची वडी आणून दिली आणि हसत उभी राहिली. मला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटे. त्या महिन्यापुरतं मी ते केलंही होतं, हे मी आजही नाकारत नाही.

चैत्रात ती आली तेव्हा तिचा हंडा रिकामाच होता. "बाई, मला दीस गेल्यात," ती म्हणाली. "मनी तर येक बी चुकवला न्हाई. तुमच्या गळ्याची आन."

मी तिला माळ कशी सरकवतेस ते सांगायला लावलं. ती सांगत गेली. रोज सकाळी, हात धुऊन. आणि पाळी आली की? "तवा कशी शिवायची, बाई? देवापाशी हाय ती. पाचव्या दिशी न्हाले की पयला मनी."

घरी येऊन मी पत्रक काढलं. 'पाळीच्या पहिल्या दिवशी पहिला मणी.' मी ते वाक्य मोठ्याने, स्पष्ट उच्चारात वाचून दाखवलं होतं. तसबिरीशेजारी खिळ्याला माझी माळ होती. मी गंमत म्हणून ती सरकवत असे, आणि मीही पाचव्या दिवशी न्हाऊन आत आल्यावरच पहिला मणी सरकवत होते. सातवीची फायनल पास झालेली, पाढे शिकवणारी मी. त्या माळेला शिवायचं नाही हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. चित्र काढणाऱ्याला, पत्रक छापणाऱ्याला, साहेबांना, कुणालाच हे सुचणं शक्य नव्हतं. सुचलं असतं तर मलाच. आणि बबनला तर ते सापडलंही होतं, भिंतीवर, कोळशाने.

मी हौसाला सांगितलं नाही. तिने आपलंच कुठेतरी चुकलं असं ठरवून टाकलं होतं आणि मी तिला ते ठरवू दिलं. बबनला मी एवढंच म्हटलं की, दिवस भरायच्या आधीच तिला भोरला नेऊन ठेवा. त्याने नेलंही. पुढच्या कार्तिकात, कापणी निम्मी झाली असताना, दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि त्याच दुपारी हौसा गेली. मुलीला हौसाच्या आईने कामथडीला नेलं.

मी समाचाराला गेले. सासू ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, मला बघून तिने तोंड फिरवलं. बबन गोठ्यात होता. म्हशीला पेंढा घालत होता, मला बघून थांबला. भिंतीवर एका जागी पुसल्याचा डाग होता, हाताएवढा रुंद, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा काळपट. मी त्या डागाकडे बघत राहिले. सांगायचं ठरवूनच मी गेले होते. वाटेत वाक्यंही जुळवली होती.

तोच आधी बोलला. "तुमी काय वाईट वाटून घिऊ नगा, बाई. तुमी तर माळ दिलीच व्हती. माजंच कायतरी चुकलं आसंल. म्या अडानी, मला मोजायला कुठं येतंय?"

मी पदर सारखा केला. जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन निघाले. पुढल्या वर्षी माझी उत्रोलीला बदली झाली, मग लग्न, मग मुलं. दोनच. लोक माझ्या शहाणपणाचं कौतुक करत.

नात विचारत होती, आजी, कुठे हरवलीस? मी म्हटलं, पेंढ्याचा वास येतोय. तिला येत नव्हता. तिच्या हातातला मोबाईल तिला पहिला दिवस विचारतो आणि ती सांगते, बापासमोर, शेंगा खाता खाता. मला त्याचं बरं वाटतं, आणि तेवढंच रडूही येतं. त्या दिवशी खळ्यावर मला याच्या अर्धी जरी हिंमत असती, तर मी बबनला दोन उलट प्रश्न विचारले असते. दोन पुरले असते.

बबनराव, तुम्ही असाल तर नव्वदीत असाल. नसालही. भिंतही आता राहिलेली नसेल. तुम्हाला मोजता येत होतं. तुमची एकही रेघ चुकली नव्हती. मी तुम्हाला ती पुसायला लावली.